पाठ दाखवणारे दुकान

नाशिकच्या भांडी बाजारामागच्या एका बोळात, जिथे दुचाकीसुद्धा उतरून हाताने ढकलत न्यावी लागते, जुन्या चिनी मातीच्या बशा, तसबिरी आणि छापील चित्रे विकणारे एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. पाटी लावली की लोक रद्दी आणि भंगार घेऊन येतात, असे मालकांचे म्हणणे आहे, आणि नेहमीची गिऱ्हाइके त्याला नुसते ‘काकांचे दुकान’ म्हणतात. गेल्या दोन वर्षांत मी तिथून सहा बशा आणि दोन चित्रे घेतली, त्यांतले एक चित्र परत केले आणि एका बशीवरून काकांशी बराच वाद घातला. एवढा व्यवहार झाल्यावर या दुकानाविषयी लिहिण्याइतका अनुभव माझ्या गाठीशी आला आहे असे मी समजते.

पंचवटीतला आमचा वाडा चार वर्षांपूर्वी पुनर्बांधणीसाठी दिला आणि आम्ही गंगापूर रोडवरच्या सदनिकेत राहायला आलो. वाड्याच्या माजघरातल्या फडताळात, लोणच्याच्या बरण्यांच्या मागे, एक निळी-पांढरी बशी वर्षानुवर्षे उभी असे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, तिच्यात कधी काही वाढू देत नसत. कारण विचारले तर ‘फुटली तर जोड मिळायची नाही’ एवढेच म्हणत. नव्या घरात जेवणाच्या टेबलामागच्या मोठ्या भिंतीवर ती एकटी बशी टांगली तेव्हा ती दवाखान्यातल्या घड्याळासारखी दिसू लागली. तिला सोबत हवी होती, आणि त्या शोधात एका ओळखीच्या तांब्या-पितळेच्या व्यापाऱ्याने मला या बोळात आणून सोडले.

या दुकानाचा सर्वांत मोठा गुण पहिल्याच दिवशी लक्षात आला. काका कोणतीही बशी गिऱ्हाइकाच्या हातात देताना पालथी करून देतात. ‘ताई, आधी पाठ बघा, तोंड कुठं पळून जातंय?’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे फार दुर्मीळ आहे, कारण बशीचे तोंड विकायचे असते आणि पाठ लपवायची असते. नक्षी कोणीही छापू शकतो. पण पाठीवरची घासलेली कडा, भट्टीतल्या तिकाटण्याचे, म्हणजे भाजताना बशी ज्यावर टेकवतात त्या तीन टोकांच्या आधाराचे, तीन बारीक खरखरीत ठिपके, झिलईखाली अर्धवट उमटलेला कारखान्याचा शिक्का, या गोष्टी नव्या मालावर आणायला बरेच कष्ट पडतात.

आत्याबाईंची बशी मी पिशवीतून सोबत नेली होती. काकांनी तिला डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलून धरले आणि उजव्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारली. स्वच्छ, लांबणारा आवाज आला. मग त्यांनी शेल्फावरची तशीच दिसणारी दुसरी बशी घेऊन तिच्यावर टिचकी मारली, तर ती तडा गेलेल्या मडक्यासारखी बद्द वाजली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते. त्यांनी ती बल्बसमोर धरून फिरवली तेव्हा काठापासून मध्यापर्यंत गेलेली केसाएवढी चीर दिसली. ‘ही भिंतीवर चालेल, हातात चालणार नाही. साडेतीनशे द्या,’ असे ते म्हणाले. अखंड बशीची किंमत त्यांनी चौदाशे सांगितली होती. दोष स्वतः दाखवून त्याप्रमाणे भाव उतरवणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता.

आमची बशी ‘विलो’ नक्षीची निघाली. पाण्यावर झुकलेले झाड, त्याच्याकडेचा पूल, पुलावरून जाणाऱ्या तीन आकृत्या, वर उडणारे दोन पक्षी आणि उजवीकडे मजल्यांचे चिनी घर, असे हे चित्र आहे. हे झाड चीनमधले, घर चीनमधले, पण नक्षी मात्र इंग्लंडमधली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारखान्यांनी आयात होणाऱ्या महागड्या चिनी भांड्यांच्या धर्तीवर ती तयार केली. पळून जाणाऱ्या प्रेमिकांचे पुढे पक्षी झाले ही तिच्याशी जोडलेली कथाही इंग्लंडमध्येच, माल खपवण्यासाठी रचली गेली. काका ती प्रत्येक गिऱ्हाइकाला चिनी लोककथा म्हणून रंगवून सांगतात. मी एकदा दुरुस्ती सुचवली, पण त्यांना ती रुचली नाही, आणि खरे सांगायचे तर ते सांगतात छान.

ही नक्षी हाताने काढलेली नाही, छापलेली आहे, हे मला या दुकानातच नीट समजले. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, त्यात रंग भरून ते पातळ कागदावर उतरवायचे, तो ओला कागद कच्च्या भाजलेल्या बशीवर दाबून चिकटवायचा, कागद धुऊन टाकायचा, वर झिलई द्यायची आणि बशी पुन्हा भट्टीत घालायची. काठाभोवतीची वेलबुट्टी अशाच कागदाच्या पट्टीने गुंडाळलेली असते, आणि पट्टीची दोन टोके जिथे भेटतात तिथे जोड बहुधा चुकतो. काकांनी भिंग देऊन आमच्या बशीचा जोड शोधायला लावले. साधारण घड्याळात चार वाजतात त्या जागी एका जाळीदार चौकटीचा अर्धा भाग दुसऱ्या चौकटीच्या पाव भागाला जाऊन भिडला होता आणि मधे एक पाकळी नुसतीच लोंबत होती. आत्याबाईंनी ज्या बशीला आयुष्यभर जपले तिच्या काठावर कोण्या कामगाराची ही घाई इतकी वर्षे तशीच होती. त्यानंतर घेतलेल्या प्रत्येक बशीवर मी हा जोड शोधते. तो सापडला नाही तर मला ती बशी थोडी कमी आवडते.

मात्र तड्यांच्या बाबतीत सत्यवचनी असलेले काका सनांच्या बाबतीत फार सैल आहेत, आणि नव्या गिऱ्हाइकाने ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. त्यांच्या लेखी निळे ते सगळे ‘व्हिक्टोरियन’. तपकिरी गुलाबांची एक सुंदर बशी त्यांनी मला याच नावाने अठराशेला सांगितली. मी पाठ वाचली तर शिक्क्यात ‘मेड इन इंग्लंड’ असे स्पष्ट शब्द होते. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालावे लागू लागले आणि त्यानंतरच्या शिक्क्यांत नुसते ‘इंग्लंड’ सर्रास दिसते. ‘मेड इन इंग्लंड’ हे पूर्ण शब्द बहुतेक वेळा विसाव्या शतकातले असतात. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली. हा हिशेब मी मांडला तेव्हा काका म्हणाले, ‘राणी गेली म्हणून बशी जुनी नाही का?’ अर्धा तास वाद झाला, चहा झाला आणि बशी बाराशेला मिळाली. जपानी मालालाही हाच न्याय लावावा. ‘निप्पॉन’ लिहिलेला नग साधारण १९२१ च्या आधीचा, ‘जपान’ लिहिलेला नंतरचा, आणि ‘ऑक्युपाइड जपान’ असे लिहिलेला नग दुसऱ्या महायुद्धानंतर तो देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असतानाचा, म्हणजे १९५२ पर्यंतचा. वाड्यांतून निघालेल्या मालात हॉलंडमधल्या मास्त्रिख्तच्या पेट्रस रेगू कारखान्याचा स्फिंक्सचा शिक्काही अधूनमधून दिसतो. तो नाशकातल्या फडताळात कोणत्या वाटेने पोचला याची मला अजून उत्सुकता आहे.

दुसरा घोळ ‘बोन चायना’ या शब्दाचा. इथे येणारे अर्धे गिऱ्हाईक प्रत्येक पांढऱ्या बशीला बोन चायना म्हणते आणि काका मान डोलावतात. खरी बोन चायना उजेडासमोर धरली आणि मागे बोट ठेवले की बोटाची सावली दिसते. दुकानातल्या दहांपैकी आठ बशांच्या आरपार काहीही दिसत नाही, कारण त्या साध्या पांढऱ्या मातीच्या आहेत. बोन चायनाच्या मातीत खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते आणि तीही थोडीथोडकी नव्हे, हे मी एकदा घरी जेवताना बोलून गेले, तेव्हापासून सासूबाई पाहुण्यांच्या कपातून चहा घेत नाहीत. तो अपराध माझा आहे, दुकानाचा नव्हे.

एक सावधगिरी काका स्वतःहून सांगतात आणि ती मोलाची आहे. जुन्या झिलईत आणि वरून काढलेल्या रंगांत शिसे असू शकते, त्यामुळे या बशांत आंबट काही वाढू नये. चिंचेची आमटी, लोणचे, लिंबाचे सरबत तर मुळीच नाही. झिलईवर जाळीसारख्या बारीक भेगा पडल्या असतील तर त्यांत तेल-हळद मुरते आणि मग डाग निघत नाही. म्हणून त्या भिंतीवरच बऱ्या.

आता चित्रांकडे. बशांच्या मानाने दुकानाची ही बाजू लंगडी आहे, आणि गंमत म्हणजे लोक इथे मुख्यतः चित्रांसाठीच येतात. राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांना आज जी मागणी आहे तिच्यामागे घरोघरच्या देवघरांची आठवण आहे. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. त्यानंतरही तिथे चित्रे छापली जात राहिली, त्यामुळे ‘रविवर्मा प्रेस’ ही अक्षरे दिसली म्हणून ती प्रत रविवर्मांच्या हयातीतली ठरत नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी फोटोलिथोचे, म्हणजे फोटोच्या साहाय्याने छपाईचे, काम केले होते. त्या अर्थाने या तसबिरी नाशिककरांना अगदीच परक्या नाहीत. दुकानात पुण्याच्या चित्रशाळा प्रेसची एक रामपंचायतनाची प्रतही आहे, पण काका ती विकत नाहीत; गल्ल्याच्या वर टांगली आहे आणि तिला रोज उदबत्ती ओवाळली जाते, त्यामुळे राम-सीता आता जवळजवळ काळवंडले आहेत.

जुनी प्रत आणि आजची नक्कल यांतला फरक ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. माझ्याकडच्या सरस्वतीच्या चित्रातल्या मोराच्या मानेवर भिंग धरले की निळ्या, हिरव्या आणि पिवळसर ठिपक्यांचा सडा दिसतो. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, कुठे दाट, कुठे विरळ, कारण कारागिराने ते हाताने चुनखडीच्या दगडावर काढलेले असतात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागत असे आणि एकच कागद त्या सर्व दगडांवर एकामागून एक छापला जात असे. दगड जरासा सरकला तर कडेला एखाद्या रंगाची रेघ बाहेर डोकावते. आमच्या सरस्वतीच्या कोपराजवळ तशी तांबडी किनार आहे. ऑफसेटवर छापलेल्या आजच्या प्रतीत याच जागी सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची शिस्तबद्ध फुले दिसतात, जशी कोणत्याही लग्नपत्रिकेवर दिसतात.

हे मला आधी माहीत असते तर माझे पैसे वाचले असते. काकांकडे जाण्यापूर्वी मी शहरातल्या दुसऱ्याच एका झगझगीत दुकानातून एक ‘अस्सल रविवर्मा’ घेतला होता. चौकट मागून खाकी कागदाने पक्की बंद केलेली होती आणि ती उघडून दाखवायला विक्रेत्याने ठाम नकार दिला, वर जुनी वस्तू हलवली की खराब होते असे ज्ञानही दिले. घरी आणल्यावर महिन्याभराने ती मी स्वतः उघडली. आत चहाच्या पाण्याने पिवळा केलेला नवा कागद होता आणि एका कोपऱ्यात त्या चहाचा ओघळ वाळला होता. तो ‘रविवर्मा’ आता आमच्या माळ्यावर पाठमोरा उभा आहे.

म्हणून काकांच्या दुकानात तसबीर घेताना माझी एकच अट असते, चौकट उघडून दाखवा. काका स्वतः असतील तर ते कुरकुर न करता चिमट्याने खिळे काढतात. पण दुपारनंतर गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो आणि त्याला हा उद्योग वेळखाऊ वाटतो. त्याच्याकडून मी विश्वामित्र-मेनकेचे चित्र नव्या, नक्षीदार चौकटीतले, घाईत घेतले. घरी उघडले तर चित्राच्या चारी बाजूंचा समास, ज्यावर छापखान्याचे नाव असते तोच, चौकटीत बसवण्यासाठी कापून टाकलेला होता आणि उरलेला कागद सरसाने प्लायवूडला चिकटवलेला होता. असा कागद पुन्हा सुटा करणे फार कठीण असते, आणि प्लायवूडमधल्या आम्लाने तो हळूहळू तपकिरी आणि ठिसूळ होत जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते काकांसमोर ठेवले. त्यांनी मुलाकडे पाहिले, काही न बोलता पूर्ण पैसे परत दिले आणि मला म्हणाले, ‘चौकटी त्याच्या, चित्रं माझी. तुम्ही चित्रंच घेत जा.’ हा सल्ला मी पाळते आणि वाचकांनीही पाळावा. चौकट बाहेरून, आम्लमुक्त पुठ्ठा वापरणाऱ्याकडून करून घ्यावी, काच आणि कागद यांच्यात माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे, अंतर ठेवावे, आणि चित्राला चिकटपट्टी लावू देऊ नये. जुन्या तसबिरींची काच कागदाला टेकलेली असते, पावसाळ्यात ओल धरते आणि मग वॉर्निश काचेला चिकटून रंगासकट निघते. नाशिकची हवा कोकणाएवढी दमट नाही, पण बुरशीचे तपकिरी ठिपके आणि कसर यांना आषाढ-श्रावणातले आठ-दहा आठवडे पुरतात.

एका गोष्टीबद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. दुकानात एका पेटीत जुन्या इंग्रजी सचित्र साप्ताहिकांची आणि पुस्तकांची फाडलेली पाने सुटी विकायला ठेवली आहेत. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे साप्ताहिक १८४२ मध्ये सुरू झाले आणि त्या काळातली त्यातली लाकडी ठशांची चित्रे काळ्या शाईत छापली जात. इथली बरीचशी पाने मात्र गुलाबी-निळ्या जलरंगांनी अलीकडे रंगवलेली आहेत आणि ‘हँड कलर्ड’ म्हणून दुप्पट भावाने दिली जातात. रंग हाताने दिला आहे हे खरे, पण हात कोणत्या शतकातला हे कोणी सांगत नाही. शिवाय एक बांधीव खंड फोडून त्याची चाळीस पाने चाळीस भिंतींवर पाठवणे मला पटत नाही. काकांचे उत्तर असे की तो खंड रद्दीतच जाणार होता. कदाचित खरे असेल. मी त्या पेटीतून काही घेत नाही.

कायद्याचा एक मुद्दा इथे सांगितला पाहिजे, कारण काकांनी तो मला वेळेवर सांगून अडचणीतून वाचवले. न्यू जर्सीतल्या माझ्या पुतणीला लग्नाची भेट म्हणून सरस्वतीची तसबीर पाठवण्याचा माझा विचार होता. पुरावशेष आणि कलावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. विक्री हातची जात असताना काकांनी हे स्वतःहून सांगितले आणि वर ‘पोरीला नवी पैठणी द्या’ असेही सुचवले. येवला आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे तो सल्ला अमलात आणणे सोपे गेले, आणि सरस्वती मी माझ्यासाठी साडेसहा हजारांना घेतली.

सोयींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. किमतीच्या चिठ्ठ्या नाहीत, पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि गाडी लांब लावून सराफ बाजारातून चालत यावे लागते. उजेड इतका कमी आहे की स्वतःची विजेरी न्यावी. बशा एकाच वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. मी आता जुने टॉवेल घेऊन जाते. मांडणीत मात्र एक शहाणपण आहे. गोदावरीचे पाणी २०१६ च्या ऑगस्टमध्ये बाजारात शिरले तेव्हापासून काकांनी खालचे दोन खण फक्त बशांना दिले आहेत आणि कागद सगळा छातीच्या वर ठेवला आहे. गोदाकाठच्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचे कळले की ते दुकान बंद करून घरी जातात, कारण बशा ओल्या झाल्या तर पुसता येतात.

घरी भिंत सजवताना मी दोन चुका केल्या. तारेचे स्प्रिंगवाले आकडे स्वस्त असतात, पण त्यांची टोके काठाचा टवका उडवतात आणि आवळून बसवले तर जुनी चीर वाढते. साडेतीनशेची ती बद्द वाजणारी बशी अशीच मे महिन्यात एका रात्री दुभंगली. आता मी आकड्याच्या टोकांवर सलाइनच्या नळीचे तुकडे बसवते, आणि अगदी हलक्या बशांना पाण्याने भिजवून चिकटवायच्या गोल चकत्या वापरते. दुसरी चूक मांडणीची होती. सगळ्या बशा मी शाळेतल्या परेडसारख्या एका रांगेत लावल्या होत्या. नंतर प्रत्येक बशीचा आकार वर्तमानपत्रावर कापून ते कागद जमिनीवर आठवडाभर सरकवत राहिले आणि मग आत्याबाईंची बशी मध्यावर न ठेवता डावीकडे खाली, फडताळात ती ज्या उंचीवर असे साधारण त्याच उंचीवर आली. सरस्वती समोरच्या भिंतीवर आहे, जिथे पश्चिमेचे ऊन पोचत नाही.

भिंतीवर उजवीकडे वर एक खिळा रिकामा आहे. गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला की तिवंधा परिसरातल्या एका वाड्यातून माल उतरतो आहे आणि त्यात एक मोठी निळी परात-बशी आहे, काठाला टवका, आवाज स्वच्छ, पाठीवर शिक्का नाही. ‘व्हिक्टोरियन आहे,’ असे ते म्हणाले, आणि मी काही बोलण्याआधीच, ‘असू दे, तुम्ही येऊन बघा,’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.